उंबरठ्याच्या आतला उशीर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका परिचारिकेने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. व्यासपीठ ही डॉक्टरांची, प्राध्यापकांची, साहित्यिकांची जागा. परिचारिकेची जागा रुग्णाच्या उशाशी. तेथे बोलायचे थोडे आणि पाहायचे फार, असा आमच्या व्यवसायाचा नेम आहे. तथापि तीस-बत्तीस वर्षे पाहून पाहून जे मनात साचले, ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगण्याची संधी पुन्हा केव्हा मिळणार, या विचाराने आम्ही हे धाडस केले आहे. बोलण्यात विद्वत्ता आढळणार नाही; अनुभव मात्र आढळेल.

हुगळीच्या काठी राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना येथून जवळच असलेले श्रीरामपूर ठाऊक आहे. टपाल खात्यातील बदल्यांमुळे गोपाळराव जोशी कोल्हापूर, मुंबई, भूज करीत बंगालमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी आनंदीबाई. आपल्यासारखेच घरापासून दूर आलेले हे एक मराठी कुटुंब. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत, योग्य उपचारांवाचून गेले, आणि त्या दुःखातून या मुलीने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात तिने जाहीर भाषण केले आणि आपण अमेरिकेस का जात आहोत हे लोकांना समजावून सांगितले. त्या वेळी तिला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. १८८६ साली ती फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेली.

या इतिहासातील एका योगायोगाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. श्रीरामपूरच्या त्या भाषणाच्या केवळ अकरा महिने आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. म्हणजे आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा शत्रू कोण हे जगाला कळले होते. हत्यार मात्र हाती नव्हते. ते हत्यार, म्हणजे क्षयावरील पहिले खरे औषध, १९४०च्या दशकात सापडले. आज जंतू ठाऊक आहे, औषध उपलब्ध आहे, सरकारी केंद्रात ते विनामूल्य मिळते. असे असूनही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतातला आहे. २०२५ पर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आपण ठेवले होते. ते साल उजाडले तरी रोग ठाण मांडून होता.

आनंदीबाईंना औषध नव्हते म्हणून त्या गेल्या. आजचा रुग्ण औषध असून जातो, तो कशाने? आमच्या अनुभवाचे उत्तर एका शब्दाचे आहे: उशिराने. आणि हा उशीर बहुतेक वेळा दवाखान्याच्या वाटेवर होत नाही, घराच्या उंबरठ्याच्या आत होतो. आजच्या भाषणात आम्हांस एवढेच एक सांगायचे आहे. बाकी सारी त्याचीच उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण आपल्यापैकीच एकाचे. खानापूर, आटपाडी, विटा या भागांतून सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करण्यासाठी बाहेर पडलेले आपले बांधव देशभर पसरले आहेत. येथेही त्यांची वस्ती आहे. छोटी खोली, त्यात भट्टी, मूस आणि तेजाबाचा धूर. असाच एक तरुण गलाई कारागीर आमच्या वॉर्डात दाखल झाला, तेव्हा त्याचा खोकला चार महिन्यांचा झाला होता. वजन उतरले होते, संध्याकाळी अंगात कसकस येत होती. “एवढे दिवस दाखवले का नाही?” असे विचारता तो म्हणाला, “ताई, आमच्या धंद्यात सगळेच खोकतात. मला वाटलं, धुराचा खोकला असेल.” धुराने खोकला येतो हे खरेच आहे, आणि म्हणूनच त्या खोकल्याच्या आड क्षय बेमालूम दडला. त्या खोलीत त्याच्यासह आणखी चौघे झोपत असत. थुंकीची एक साधी तपासणी चार महिने आधी झाली असती, तर तो स्वतः लवकर सुटला असता आणि सोबतच्या चौघांनाही धोका राहिला नसता.

यासाठी नियम सोपा आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, मग त्याचे कारण आपल्याला कितीही ठाऊक आहे असे वाटो, थुंकी तपासून घ्यावी. सायंकाळचा ताप, उतरणारे वजन, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही जोडीस असेल तर एक दिवसही थांबू नये. उपचार साधारणपणे सहा महिन्यांचे असतात. पण महिना-दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, माणूस कामावर जाऊ लागतो, आणि येथेच दुसरा उशीर दबा धरून बसलेला असतो. बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात. बरे वाटणे आणि बरे होणे यांत काही महिन्यांचे अंतर असते. ते अंतर जो अर्ध्यावर सोडतो त्याच्या शरीरात उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात; मग उपचार लांबतात, जड जातात आणि कधीकधी हाती काहीच उरत नाही.

आपल्यापैकी सांगली-मिरजेकडील ज्येष्ठांना वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम आठवत असेल. क्षय म्हटला की माणसाला घरापासून दूर, मोकळ्या हवेत, महिनोन्महिने ठेवायचे अशी तेव्हाची रीत होती. ही रीत बदलली ती भारतातल्याच एका अभ्यासाने. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर घरी राहून उपचार घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. सान्या जगाने पुढे हा मार्ग पत्करला. अलीकडे, २०२३ साली, आपल्या शेजारच्या झारखंडमधील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरातील माणसांना चांगला आहार पुरवला असता त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. या दोन अभ्यासांचे तात्पर्य एकच: औषध दवाखाना देतो, पण बरे करण्याचे निम्मे काम घर करते. सरकारही हे ओळखून उपचारकाळात रुग्णाला पोषणासाठी पैसे देते. २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० करण्यात आले. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचवणे हेही समाजकार्यच आहे.

घराच्या हाती ज्ञान दिले तर काय घडते, याचा सर्वांत मोठा दाखला आपण राहतो त्याच प्रांताने जगाला दिला. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित सरहद्द ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. खाटा अपुऱ्या पडल्या, रुग्ण जमिनीवर निजले, शिरेतून द्यायची सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडकी बांधून घेतली, ती पाण्यात विरघळवली आणि ते पाणी रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या आयांवर, बहिणींवर, नातलगांवर सोपवले. जेथे तीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते, तेथे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले; मरणोत्तर पद्मविभूषणाने त्यांचा गौरव झाला. आम्हां परिचारिकांना त्यांच्या कार्यातील एक गोष्ट विशेष भावते. त्यांनी आईच्या हातावर विश्वास ठेवला.

मराठीत आपण त्या पाण्याला ‘जलसंजीवनी’ असे सुंदर नाव दिले आहे. परंतु सुशिक्षित घरांतही जुलाब सुरू झाले की अजून काय होते? मुलाचे पाणी तोडतात, जुलाब थांबवणारी गोळी शोधतात, आणि “सलाईन लावा” म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतात. जलसंजीवनीचे पाकीट घरात नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, आणि पहिल्या जुलाबापासूनच घोट घोट पाजावे. मीठ अधिक होऊ देऊ नये. अंगावरचे दूध किंवा नेहमीचे खाणे बंद करू नये. आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. या पाण्याला पैसा लागत नाही. लागते ती फक्त तत्परता.

तत्परतेचे आणखी एक फळ याच प्रांतात आपण पाहिले आहे. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते. पुढच्याच वर्षी ते ४२ झाले, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका दोन वर्षांच्या मुलीला जडलेला पोलिओ हा या देशातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी या भूभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश लशीचे खरे. पण लस पेटीत पडून राहिली तर कोणाचे रक्षण करते? ऊन, पाऊस, दुर्गापूजेची गर्दी न पाहता बर्फाच्या पेट्या खांद्याला लावून दारोदार गेलेल्या हजारो आरोग्यसेविकांचे आणि ‘आज नको, उद्या या’ असे न म्हणता दार उघडणाऱ्या आयांचे ते यश आहे.

बंधुभगिनींनो, पटकी आणि पोलिओ हे गाजावाजा करीत येणारे शत्रू. आता घराघरांत शिरले आहेत ते मुके शत्रू. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन रोग दुखत नाहीत, खुपत नाहीत, ताप आणीत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आकडे सांगून आम्ही आपणांस भिववू इच्छीत नाही. त्याऐवजी आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मान खाली जाते. पण न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सासरे वारल्यानंतर आमच्या सासूबाई कऱ्हाडहून येथे आमच्याकडे राहावयास आल्या. त्यांना रक्तदाबाची रोज एक गोळी होती. गावाहून आणलेल्या गोळ्या संपल्या. सून रात्रपाळ्या करून दमते, तिला आणखी कशाला त्रास द्यायचा, शिवाय आता बरेच वाटते आहे, असा विचार करून त्यांनी गोळी बंद केली आणि कोणाला सांगितले नाही. आम्ही वॉर्डात रोज शंभर माणसांचा रक्तदाब मोजत होतो. स्वतःच्या घरातील माणसाच्या दंडाला पट्टा बांधण्याची बुद्धी आम्हांस चार महिन्यांत एकदाही झाली नाही.

एके दिवशी पहाटे पाचला चहा करताना त्यांच्या हातून भांडे पडले. बोलणे अडखळू लागले. मुलांना वाटले, आजीला झोप झाली नाही. त्यांना पुन्हा निजवले, तेल चोळले, साखरपाणी पाजले. आम्ही साडेआठला घरी आलो तेव्हा त्यांचा चेहरा एका बाजूस ओढलेला होता. लगेच निघालो. पण घराजवळच्या ज्या नर्सिंग होममध्ये नेले तेथे मेंदूचा सीटी स्कॅन काढण्याची सोय नव्हती. दुसरीकडे पोहोचेस्तोवर अकरा वाजत आले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. ती वेळ टळून गेली होती. त्यानंतर त्या तीन वर्षे जगल्या. रोज पहाटे हरिपाठ म्हणणाऱ्या त्या माऊलीला पुढे आपल्या नातवाचे नावही उच्चारता आले नाही.

यात दोष रुग्णालयाचा नव्हता, डॉक्टरांचा नव्हता, दैवाचाही नव्हता. उशीर आमच्या उंबरठ्याच्या आत झाला होता. गोळी संपली तेव्हा तो सुरू झाला आणि पहाटे पाचला पुरा झाला. म्हणून आम्ही हात जोडून विनवितो: चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही खूण अचानक दिसली की घड्याळ पाहावे, काय झाले ती वेळ लिहून ठेवावी, तोंडाने काहीही खाऊ-पिऊ घालू नये आणि तडक निघावे. कोठे जायचे हे त्या क्षणी शोधू नये. सीटी स्कॅनची आणि या उपचाराची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच घरी गेल्यावर विचारून कागदावर लिहून भिंतीला लावावे. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही होत नसतानाही, वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाय जमिनीला टेकवून, चहा-तंबाखू घेऊन अर्धा तास झाल्यावर मोजलेला दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांना दाखवावे.

परप्रांतात राहणाऱ्या आपणा मंडळींच्या वाट्याला आणखी एक उशीर येतो. तो भाषेचा. आपली भाषा दुखण्याच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, उसण भरते, पायांत गोळे येतात, हाताला मुंग्या येतात, जीव घाबराघुबरा होतो. यातल्या प्रत्येक शब्दाने परिचारिकेला निराळी दिशा कळते. पण गावाकडून आलेल्या आजींना हे बंगालीत किंवा हिंदीत कसे सांगता यावे? मग मुलगा त्यांच्या वतीने बोलतो. येथे तर ‘गॅस’ आणि ‘अंबल’ या दोन शब्दांत पोटापासून गळ्यापर्यंतची सारी दुखणी बसवण्याची पद्धत आहे. एका आजींच्या मुलाने डॉक्टरांना सांगितले, “गॅसचा त्रास आहे.” आम्ही योगायोगाने तेथे होतो. आम्ही मराठीत विचारले, “आजी, नेमके काय होते?” त्या म्हणाल्या, “बाई, जिना चढले की छाती आवळल्यासारखी होते, घाम सुटतो, आणि कळ जबड्यात जाते.” तत्काळ हृदयाचा आलेख काढला, आणि त्याच दिवशी त्यांना हृदयरोग विभागात हलवावे लागले. आजी वाचल्या. एका प्रश्नाने वाचल्या, आणि तो प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला गेला म्हणून वाचल्या.

स्त्रियांच्या बाबतीत भाषेच्या जोडीला संकोचही उभा राहतो. स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून लपवली जाते. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ‘वयाचे असेल’ म्हणून सोसला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आपल्या देशात दरवर्षी सत्तर हजारांच्या वर स्त्रिया दगावतात, आणि हा असा कर्करोग आहे की जो बराचसा टाळता येतो व लवकर सापडल्यास बरा होतो. त्याला अटकाव करणारी लस आहे. २०२३ पासून पुण्यात तयार झालेली स्वदेशी लसही बाजारात आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला ती द्यावी, आणि तिशीनंतर आईने तपासणी करून घ्यावी. मुलीच्या शाळेच्या शुल्काची तारीख जी आई विसरत नाही, तिने स्वतःच्या तपासणीची तारीखही पंचांगावर लिहून ठेवावी, एवढीच आमची प्रार्थना.

आता थोडे अतिउत्साहाविषयी. कारण उशीर हा दोष खरा, तशी उतावीळही दोषच. सर्दी झाली की औषधाच्या दुकानात जाऊन अँटिबायोटिक मागायचे, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी शेजारणीला द्यायच्या. गावाहून येणाऱ्या पाहुण्याबरोबर ‘आमच्या डॉक्टरांच्या’ गोळ्या मागवायच्या. हा व्यवहार आपुलकीचा असला तरी घातक आहे. साधी सर्दी ही विषाणूंची. तिच्यावर ही औषधे चालतच नाहीत. उलट, उगाच घेतल्याने जंतू त्यांना सरावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध निकामी ठरते. अतिदक्षता विभागात एकामागून एक औषध बदलूनही ताप न उतरणारे रुग्ण आम्ही पाहतो, तेव्हा घरोघरचे ते डबे डोळ्यांसमोर येतात. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असते; तिचा अर्थ सांगण्याची मोहीम केंद्र सरकारने २०१६ साली काढली होती. अर्थ इतकाच की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे घेऊ नये.

येथवर आम्ही घराचे दोष सांगितले. रुग्णालयांकडे काहीच उणे नाही असे म्हटले तर तो पक्षपात होईल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आम्ही एके ठिकाणी चाळीस खाटांमागे दोघी, अशा रात्री काढल्या आहेत. अशा रात्री आजींना “नेमके काय होते?” हे विचारायला परिचारिकेला उसंत कोठून मिळावी? २०२० साली महामारीत लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, थाळ्याही वाजवल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोलकात्याच्या रुग्णालयांतील मणिपूर आणि इतर राज्यांच्या शेकडो परिचारिका नोकरी सोडून आपापल्या गावी परतल्या. काहींना घरमालक राहू देईनात, काहींना शेजारी टाळू लागले. त्याही आपल्यासारख्याच घरापासून दूर आलेल्या लेकी होत्या. त्यांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. रुग्णसेवा स्वस्त आणि चांगली हवी असेल, तर सेवा करणाऱ्या हातांची संख्या आणि त्यांचा मान यांची चिंताही समाजाने वाहिली पाहिजे. बिलावर भांडणारे नातलग आम्ही पुष्कळ पाहतो. वॉर्डात परिचारिका किती, असे विचारणारा अजून भेटावयाचा आहे.

शेवटी, मंडळाकडे काही मागणे मागून आम्ही थांबतो. गेली पन्नास वर्षे या मंडळाने गणेशोत्सव केला, नाटके केली, मुलांना बाराखडी शिकवली. दिवाळीच्या फराळापासून अंत्यविधीच्या मदतीपर्यंत, नातलग दूर असलेल्या कुटुंबांना मंडळानेच नातलग दिले. या नात्यात आता आरोग्याचीही भर घालावी.

एक: दरमहाच्या सभेत एका टेबलावर रक्तदाबाचे यंत्र ठेवावे. मोजण्याचे काम आम्ही आणि आमच्या दोघी-तिघी सहकारी आनंदाने करू. दोन: प्रत्येक कुटुंबाने एक वही ठेवावी. त्यात प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, झालेल्या शस्त्रक्रिया आणि लशी लिहाव्यात. बदलीच्या गावी सामान हलते, केसपेपर हरवतात. वही मात्र देव्हाऱ्याच्या पेटीसारखी आपल्याबरोबर न्यावी. तीन: बंगाली उत्तम जाणणाऱ्या दहा-बारा सभासदांची यादी करावी, कोणा आजी-आजोबांना रुग्णालयात जावे लागले तर त्यांच्यापैकी एकाने बरोबर जावे आणि त्यांचे दुखणे त्यांच्या शब्दांत विचारून डॉक्टरांना सांगावे. चार: ज्यांची मुले परदेशी किंवा परगावी आहेत अशा ज्येष्ठांना रोज सकाळी कोणी तरी एक दूरध्वनी करावा. “गोळी घेतली का?” एवढाच प्रश्न पुरे. आमच्या घरात हा प्रश्न चार महिने कोणी विचारला नाही, त्याची किंमत आपण ऐकलीच आहे.

यातील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही, उद्घाटनाला पाहुणे लागत नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभागृहाला नवे छत घालण्याचा मंडळाचा विचार आहे, तो जरूर तडीस जावा. पण त्या छताखाली रक्तदाबाच्या यंत्रासाठी एक टेबल तेवढे राखून ठेवावे.

येथून थोड्या अंतरावर, श्रीरामपूरला, एका मराठी मुलीने परक्या मुलखात उभे राहून सांगितले होते की आपल्या देशाला स्त्रीवैद्यांची गरज आहे. त्या दिवशी तिच्यापाशी औषध नव्हते, निश्चय होता. आपल्यापाशी आज औषध आहे. निश्चय तेवढा उसना मागण्यासाठी आम्ही या व्यासपीठावर आलो होतो.

 आज रात्रपाळी आहे. वॉर्ड वाट पाहत असेल.